शेतात गाळ आणायचा, शेतातून मुरूम काढायचा : परवानगी कशाला लागते, कशाला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे : पाच एकर माळाची जमीन, वीतभर मातीखाली लगेच मुरूम. गावचा पाझर तलाव यंदा आटलाय, त्यातला गाळ आणून शेतात पसरायचा आहे. वरच्या अंगाची दोन एकर उताराची आहे. रस्त्याचं काम घेतलेला ठेकेदार म्हणतो, ती मी फुकट सपाट करून देतो, निघेल तो मुरूम मी नेतो. तलाठी म्हणतात परवानगीशिवाय हात लावू नका, ठेकेदार म्हणतो शेतकऱ्याला काही लागत नाही. त्यात कोणीतरी पर्यावरण मंजुरीचं नाव काढून घाबरवलंय.

आधी थेट उत्तर देतो. गाळाचं काम अर्ज करून सरळ मार्गी लागेल, त्याला पर्यावरण मंजुरीची गरज नाही. शेताची सपाटी तुमच्याच गटात माती इकडची तिकडे करून होणार असेल तर त्यालाही फारसं काही लागत नाही. ठेकेदाराचा सौदा मात्र आज आहे तसा करू नका. त्यात मुरूम त्याचा, पैसा त्याचा आणि नोटीस तुमच्या नावाची, असं होण्याची शक्यता दाट आहे.

ही तिन्ही कामं बांधावर उभं राहून पाहिली तर एकसारखीच दिसतात. तीच जेसीबी, तोच ट्रॅक्टर, तीच धूळ. तहसील कार्यालय मात्र वेगळं काहीतरी बघतं : माती कोणाच्या जागेतून उचलली, ती गटाची हद्द ओलांडून गेली का, आणि तिच्या बदल्यात कोणाला काही मिळालं का. जमीन सुधारायची होती हा हेतू चांगलाच आहे, पण तो सवलत मागताना अर्जात लिहायचा असतो. पंचनामा होताना तोंडी सांगून त्याचा उपयोग होत नाही.

कायद्याचं मूळ महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ मध्ये आहे. खनिजं कुठेही सापडोत, जमिनीवर किंवा जमिनीखाली, त्यांवरचा हक्क शासनाने राखून ठेवला आहे. मुरूम, दगड, वाळू ही गौण खनिजं. केंद्राच्या १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याने त्यांचे नियम करायचा अधिकार राज्यांना दिला आणि आपल्याकडे सध्या २०१३ चे गौण खनिज नियम चालतात. म्हणजे सातबारा तुमच्या नावावर असला तरी त्याखालचा मुरूम विकायला किंवा कोणाला द्यायला तुम्ही मोकळे नाही.

कलम ४८ चं पोटकलम ७ एकदा वाचून घ्या. विनापरवाना खनिज कुठून कुठून काढलं तर दंड, याची तिथे यादी आहे : खाणी, जुने ढिगारे, शेतं, बांध, नाले, खाड्या, नदीपात्रं. आणि कंसात स्पष्ट लिहिलंय की शेताचा बांध दुरुस्त करतोय किंवा नवा घालतोय असं निमित्त सांगितलं तरी चालणार नाही. कायदा लिहिणाऱ्याला गावाकडची उत्तरं पाठ होती असं दिसतं. दंड खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत. पोटकलम ८ प्रमाणे यंत्रं आणि वाहनं जप्त होतात आणि ती सोडवायची तर वेगळा दंड : २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे ट्रॅक्टर-ट्रॉलीला १ लाख, डंपरला २ लाख, पोकलेन-जेसीबीसारख्या यंत्राला साडेसात लाख रुपये. हा दंड खनिजाच्या दंडाव्यतिरिक्त असतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. दोन ट्रॉल्यांसाठी ट्रॅक्टर अडकला की त्याच्या बँकेच्या हप्त्यापासून सगळंच अडकतं.

साध्या मातीचं प्रकरण जरा वेगळं आहे. केंद्राने ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने साधी माती गौण खनिज ठरवली, पण कोणती? तर बंधारे, रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या बांधकामात भरावासाठी किंवा सपाटीसाठी वापरलेली. पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांचं एक प्रकरण याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाया खणताना निघालेली माती त्याच जागेवर वापरली तर ती आपोआप गौण खनिज होत नाही, उपयोग कशासाठी झाला ते तपासावं लागेल, असं न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं. पुढे राज्याच्या नियमांतही तरतूद आली की एखादा भूखंड विकसित करताना निघालेली माती त्याच भूखंडावर सपाटीसाठी वापरली तर स्वामित्वधन (रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याबद्दल शासनाला द्यायचे पैसे) नाही. तुमच्या वरच्या दोन एकरांना हा आधार चांगला आहे : गटातली माती गटातच राहिली तर कोणी रॉयल्टी मागू नये. तरीही यंत्र लावण्याआधी तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज द्या. गट नंबर, क्षेत्र, काम कशाचं, आणि 'कोणतेही गौण खनिज गटाबाहेर जाणार नाही' हे एक वाक्य. आवक शिक्क्याची पोच घरी ठेवा. निकालाचा दाखला वकिलाला कामाला येतो. रात्री आठ वाजता गाडी अडवणाऱ्या पथकाला दाखवायला पोचपावतीच हातात लागते.

आता पर्यावरण मंजुरीची भीती. ती उगीच आलेली नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत ५ हेक्टरपेक्षा लहान खाणी सुटत होत्या. हरियाणातल्या दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ ला ती पळवाट बंद केली आणि गौण खनिजाच्या लहान पट्ट्यांनाही मंजुरी बंधनकारक झाली. मग कुंभार, विटा-कौलं करणारे, विहीर खणणारे, तळ्यातला गाळ काढणारे सगळेच त्यात आले. म्हणून १५ जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीत परिशिष्ट ९ जोडलं गेलं आणि कोणाला मंजुरी लागत नाही त्याची यादी दिली. आपल्या कामाच्या नोंदी त्यात अशा : पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने काढणं; गावच्या हद्दीतून स्वतःच्या किंवा गावकामासाठी रूढीनुसार माती घेणं; रोजगार हमी, इतर सरकारी योजना किंवा लोकसहभागातून गावतळ्यांतला गाळ काढणं; धरणं, बंधारे, कालवे यांच्या देखभालीसाठी गाळ उपसणं; सिंचनाची किंवा पिण्याच्या पाण्याची विहीर खणणं. तुमच्या तलावाचा गाळ यात स्वच्छ बसतो.

हीच यादी मार्च २०२० मध्ये बदलली आणि रस्ते, पाइपलाइन अशा लांबलचक प्रकल्पांसाठी माती उचलायलाही सरसकट सूट दिली गेली. ती नोंद सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला रद्द केली. किती माती, कुठून, कोणत्या अटींवर याचा पत्ता नसताना सूट देता येत नाही, असा त्याचा सारांश. तुमचा ठेकेदार 'रस्त्याच्या कामाला काही लागत नाही' म्हणतो ते बहुधा त्या जुन्या सुटीच्या आठवणीवर. आज तशी सरसकट सूट नाही. आणि हेही ध्यानात ठेवा : परिशिष्ट ९ ची सूट फक्त पर्यावरण मंजुरीपुरती आहे. तलाव ज्याचा आहे त्याची परवानगी, महसूल खात्याची परवानगी, स्वामित्वधन हे सगळं आपापल्या जागी उभंच राहतं. इथे फसलेली माणसं बरीच भेटतात. एका खात्याची सूट म्हणजे सगळ्यांची सूट असं धरून चालतात.

गाळाकडे येऊ. राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना मे २०१७ मध्ये आली, मध्ये थंडावली आणि जानेवारी २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली. गाळ शेतकऱ्याला विनामूल्य, त्यावर स्वामित्वधन नाही. शेतापर्यंत वाहून नेणं आणि पसरणं शेतकऱ्याकडे. नव्या रूपात अल्पभूधारक आणि सीमांत शेतकऱ्यांना, तसंच विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्यांना एकरी १५ हजारांपर्यंत, जास्तीत जास्त अडीच एकरांना म्हणजे ३७,५०० रुपयांपर्यंत अनुदान आहे. तुमच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे. अल्पभूधारकाची मर्यादा २ हेक्टर. पाच एकर म्हणजे २ हेक्टर २ आर होतात. तेव्हा 'पाच एकर' या बोलण्यातल्या आकड्यावर अर्ज भरू नका. आठ-अ चा उतारा (तुमच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा एकत्र उतारा) काढा आणि त्यावर नेमकं किती क्षेत्र आहे ते पाहा. चार गुंठ्यांवरून अर्ज बाद होतात.

योजनेतली एक अट कडक आहे : फक्त गाळ, वाळू नाही. तलावाच्या तोंडाशी, जिथे ओढा आत येतो, तिथे जाड कण आधी बसतात. बारीक काळा गाळ वाहत जाऊन भिंतीकडे साचतो. म्हणून काही जण 'गाळ काढतो' म्हणत ओढ्याच्या तोंडाशी यंत्र लावतात आणि वाळू चाळून नेतात. असं एकदा झालं की अख्ख्या तलावाचं काम बंद पडतं आणि खरे गाळवाले हात चोळत बसतात. गावाने तिथे एक माणूस बसवावा असं मी प्रत्येक ठिकाणी सांगतो.

परवानगी कोणाकडे मागायची हे तलाव कोणाचा यावर ठरतं. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव बहुतेक जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे असतात, त्यावरचे मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. ग्रामपंचायतीचा ठराव, शेतकऱ्यांची गटवार यादी आणि अंदाजे किती घनमीटर गाळ हवा हे एकत्र दिलं की काम हलतं. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा गावाच्या यादीतून जा, यंत्राच्या डिझेलची सोय तशीच होते. मग उपअभियंता येऊन हद्द आखून देतो : भिंतीच्या पायथ्यापासून किती अंतर सोडायचं, सांडव्याकडे कुठवर जायचं, किती खोल खणायचं. ही आखणी पाळा. मूळ तळपातळीच्या खाली मुरमात शिरायचं नाही. भिंतीजवळ खड्डा केला तर पाया उघडा पडतो, आणि पुढच्या पावसात तलाव भरला की पाणी भिंतीखालून वाट काढतं. शिवाय मुरूम निघायला लागला की योजनेची सूटही संपली. तो गाळ नाही, गौण खनिज आहे.

गाळ किती लागतो याचा हिशेब एकदा कागदावर करा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. दहा सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण चार बोटं उंचीचा थर द्यायचा तर ४०० घनमीटरच्या आसपास गाळ. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर) १४० च्या वर. ट्रॉलीत एक ब्रास बसतो असं धरा, की एका एकराला १४० खेपा झाल्या. पाच एकरांना सातशे. हा आकडा ऐकून बरेच जण अडीच एकरांवर येतात आणि ते शहाणपणाचंच आहे. थोड्या जागेत पुरेसा थर द्या. सगळीकडे दोन दोन बोटं पसरून पैसे घालवू नका.

पण त्याआधी गाळ तपासा. सरकारी कागदात यावर फार जोर नसतो, माझ्या मते खरी गोष्ट हीच आहे. तलावातला गाळ म्हणजे खत नव्हे. ती वरच्या शिवारातून धुऊन आलेली चिकणमाती आहे, आणि तिच्याबरोबर वरच्या शिवारात जे जे होतं ते सगळं आलेलं आहे. तोंडाशी, मध्ये आणि भिंतीकडे अशा तीन-चार ठिकाणांहून, वरचा तडकलेला पापुद्रा बाजूला सारून, हातभर खोलीवरून नमुने घ्या. ओढ्याच्या तोंडाचा आणि भिंतीकडचा नमुना एकत्र करू नका, दोन्ही वेगळे असतात. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात सामू (पीएच), विद्युत वाहकता (क्षार किती ते यावरून कळतं), सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना आणि सोडियम पाहायला सांगा. सामू ८.५ च्या वर गेला, किंवा विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर तो गाळ चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेला आहे. तो आणला तर स्वखर्चाने जमीन खराब केली असं होईल.

अहवाल यायच्या आत घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्या. गाळाचं वाळलेलं, हरभऱ्याएवढं ढेकूळ अलगद आत सोडा, हलवू नका, दोन तास तसंच ठेवा. ढेकूळ नुसतं फुटून तळाशी बसलं आणि पाणी निवळ राहिलं तर बहुधा ठीक. ढेकळाभोवती दुधासारखा धूसर ढग तयार होऊन पसरत गेला तर सोडियम जास्त आहे. विहिरीच्या पाण्यात हे करू नका. त्यातल्या क्षारांमुळे ढग दाबला जातो आणि वाईट गाळ चांगला दिसतो.

माळाच्या मुरमाड जमिनीला चांगला गाळ मिळाला तर फरक मोठा पडतो. ओल धरायला बारीक कण लागतात आणि तुमच्याकडे त्यांचीच वानवा आहे. भारी काळ्या जमिनीत मात्र गाळ टाकू नका, कोणी कितीही सांगो. तिथे आधीच निचरा होत नाही, त्यात आणखी चिकण भरून पाणी तुंबवायचं कशाला? पसरल्यावर उभी-आडवी नांगरट करून खालच्या मातीत मिसळा. वर नुसता थर ठेवलात तर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि मुळं त्या थरातच अडकतात. शेणखत सोबत हवंच. गाळातून लव्हाळा आणि हरळी येणार, पहिली दोन वर्षं खुरपणी वाढते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर शिव्या नकोत.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी बांधबंदिस्ती, मग गाळ. उताराला बांध नसताना गाळ पसरलात तर पहिल्या जोरदार वळवात तो ओढ्याने पुन्हा तलावात जाईल आणि पुढच्या वर्षी तुम्ही तोच गाळ दुसऱ्यांदा वाहाल.

तलाव औद्योगिक वसाहतीच्या किंवा शहराच्या सांडपाण्याच्या वाटेवर असेल तर जड धातूंची तपासणी केल्याशिवाय एक खेपही आणू नका. शहरातल्या बांधकामांवरची 'फुकट काळी माती' हाही असाच मोह. तळमजल्याच्या खोदकामाची माती आणि पाडकामाचा राडारोडा एकाच डंपरमध्ये येतो. सिमेंटचे तुकडे, चुना, काचा शेतातून वेचून काढणं जन्मभराचं काम होतं, आणि राडारोडा शेतात टाकून घेणं हा बांधकाम कचऱ्याच्या नियमांचा भंग आहे, तो टाकू देणाराही त्यात येतो. औष्णिक केंद्राच्या राखेचं म्हणाल तर केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत शेतीसाठी वापर मान्य आहे, पण नियंत्रित प्रमाणात आणि माती परीक्षणाच्या आधारे. कोणी डंपरने आणून ओतून जात असेल तर तो विल्हेवाट लावतोय, तुमची जमीन सुधारत नाही.

माती कुठून आणायची नाही, हेही सांगतो. वनजमीन पहिली. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये वनोपजाच्या व्याख्येतच जमिनीचा वरचा थर, खडक आणि खनिजं आहेत. जंगलातली पालापाचोळ्याची काळी माती दोन पोती रोपवाटिकेसाठी आणली तरी तो लाकूड आणण्यासारखाच गुन्हा. विदर्भात उताऱ्यावर झुडपी जंगल अशी नोंद असेल तर ती वनजमीनच धरा, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ते पक्कं केलंय. जायकवाडीचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, नांदूरमधमेश्वरही. तिथे गाळासाठी जलसंपदा विभागाच्या जोडीला वन्यजीव विभागाचीही परवानगी लागते. कोकणात खाजण, कांदळवन, भरतीरेषेजवळची जागा यांत भराव टाकणं किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत अडकतं. कांदळवनाभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यात तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर कोणी हात लावायच्या भानगडीत पडू नये. गायरान आणि नाल्याचं पात्र शासनाचं. 'सगळेच नेतात' हे खरं असलं तरी पंचनामा ज्याची गाडी सापडली त्याचाच होतो.

शेजाऱ्याचाही विचार करा. गाळाने किंवा सपाटीने तुमचं शेत उंच झालं आणि वरच्या शेतातून येणारं पावसाचं पाणी अडलं, तर शेजारी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाऊ शकतो. शेतावर पडणाऱ्या किंवा उगम पावणाऱ्या पाण्याच्या नैसर्गिक वाहण्याला केलेला अडथळा काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, म्हणजे एक पावसाळा त्यात येतोच. दोन्ही बाजूंच्या बांधाला चर ठेवा आणि पाण्याची जुनी वाट यंत्रवाल्याला आधी चुन्याची फक्की मारून दाखवा. यंत्रवाल्याला तासाचे पैसे मिळतात, पाण्याची वाट त्याला कुठून ठाऊक असणार.

आता ठेकेदाराचा सौदा. त्याचा हिशेब तुम्हाला कोणी करून दाखवला नसेल. दोन एकर म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटर. उतार काढायला सरासरी अर्धा मीटर कापलं तर ४,००० घनमीटरहून जास्त, म्हणजे १,४०० ब्रासच्या वर मुरूम. जुलै २०२१ पासून मुरमाचं स्वामित्वधन ब्रासला ६०० रुपये आहे. म्हणजे नुसतं शासनाचं देणंच साडेआठ लाखांच्या आसपास. ज्या मुरमावर एवढं स्वामित्वधन आहे तो 'फुकट सपाटी'च्या बदल्यात जातोय, आणि ते भरलं नाही तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंतच्या दंडाची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने निघते. वसुली जमीन महसुलाची थकबाकी म्हणून होते, तोवर सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा बसतो आणि पीककर्ज अडतं. ठेकेदार तेव्हा पुढच्या जिल्ह्यात दुसऱ्या रस्त्यावर असतो.

तरी द्यायचंच असेल तर परवाना ठेकेदाराच्या नावे निघू द्या. तुमची स्टॅम्प पेपरवरची संमती, त्याचा अल्प मुदतीच्या परवान्याचा अर्ज, किती ब्रास आणि किती खोलीपर्यंत हे परवान्यात लिहिलेलं, स्वामित्वधनाचं चलन त्याने भरलेलं. 'महाखनिज' प्रणालीतून प्रत्येक खेपेला वाहतूक पास निघतो. पहिली गाडी हलण्यापूर्वी परवाना आणि चलन यांच्या प्रती स्वतःकडे घ्या. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर मोजणी करून घ्या. संमतिपत्रात हेही लिहा की परवान्यापेक्षा जास्त उत्खनन झालं तर दंड ठेकेदार भरेल. त्याने शासनाची नोटीस टळत नाही, पण नंतर वसुलीला आधार राहतो. यातलं काही द्यायला तो कां कूं करू लागला तर सौदा तिथेच सोडा.

आणि शेतीच्या बाजूने विचाराल तर मी तुम्हाला अर्धा मीटर कापू देणार नाही. वीतभर माती असलेल्या उतारावर मातीच्या खोलीच्या निम्म्यापेक्षा जास्त कापायचं नाही, हा जुना आणि बरोबर नियम आहे. वरच्या अंगाला उघडा मुरूम पाडून त्यावर गाळ आणून टाकणं म्हणजे एका हाताने घर पाडून दुसऱ्या हाताने तंबू ठोकणं. त्यापेक्षा समपातळीत बांध घाला, दोन-तीन टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्यावर आधी वरची माती खरवडून बाजूला ढीग करा, मग खालचा मुरूम सारखा करा, मग तीच माती परत वर पसरा. यंत्रवाल्याला हा दुहेरी खटाटोप आवडत नाही, तासांचा खर्चही वाढतो. पण त्या वीतभर मातीत जे सेंद्रिय कर्ब आणि जिवाणू आहेत ते गाळात मिळत नाहीत. मुरूम थोडा उरलाच तर गटातल्याच बांधाला आणि शेततळ्याच्या काठाला लावा, म्हणजे हद्द ओलांडायचा प्रश्न येत नाही.

आधीच काही खेपा गेल्या असतील आणि नोटीस आली, तर घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका. खुलासा लेखी द्या, पंचनाम्याची प्रत मागा आणि उत्खननाची मोजणी कशी केली ते विचारा. खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली न घेता नुसत्या अंदाजाने ब्रास लिहिलेले पंचनामे अपिलात टिकत नाहीत. तहसीलदारांच्या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करायला आदेश मिळाल्यापासून साठ दिवस असतात. त्यासाठी यंत्र येण्याआधीच शेताचे चारही कोपऱ्यांतून तारीख-ठिकाणासह फोटो काढून ठेवा, एखाद्या झाडाच्या बुंध्यापासून जमिनीची पातळी दिसेल असे.